अभ्यासाच्या फोनचं कुलूप

आमच्या मळ्यात आलेला पहिला नवाकोरा स्मार्टफोन माझ्या नावावर आला, पण तो माझा नव्हता. तो गंगापूर रोडवरच्या एका क्लासचा होता. क्लासचं नाव लिहीत नाही; एका पर्वतावरून ठेवलेलं होतं एवढंच सांगते. तेव्हा नाशकातला प्रत्येक क्लास एक तर पर्वत असे, नाहीतर तारा. आणि हे सगळे पर्वत-तारे कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, खाली सँडविचवाला आणि लिफ्ट कायमची बंद, अशा थाटात वसलेले असत. दहावीत मला बरे गुण पडले. त्यामुळे पोरगी डॉक्टर होणार हे घरात ठरून गेलं. माझ्या कानावर ते सगळ्यांत शेवटी आलं.

फोन देण्याचा सोहळा होता. सरांनी टाय लावला होता आणि हॉलमध्ये नारळ फोडायला फरशी ओली होईल म्हणून परवानगी नव्हती, तेव्हा नारळाला नुसतं हात लावून नमस्कार करून घेतला. "मोबाइल हा विद्यार्थ्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे," असं सर माइकवरून म्हणाले, आणि मग एकेकाला व्यासपीठावर बोलावून एकेक शत्रू हातात दिला. या शत्रूला म्हणे कुलूप होतं. त्यात फक्त क्लासचं ॲप चालायचं. फोन लागायचा तो दोनच ठिकाणी, एक क्लासच्या ऑफिसात आणि एक वडिलांना. गाणी नाहीत, कॅमेऱ्याचं बटण नाही, साधा घड्याळाचा गजरसुद्धा क्लासच ठरवणार. माझ्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, ते सगळं मान डोलावत ऐकलं. दादांना कुलपाबद्दल फार आदर. परत येताना दुचाकीवर ते मागं वळून दोनदा म्हणाले, "बघ, शिस्त हाय तिथं. उगं नाय पोरं पुढं जात."

घरी आईने फोनला हळदकुंकू लावलं. थोडं कुंकू काचेवरच्या छोट्या भोकात गेलं आणि ते मी टाचणीने काढलं. आज वाटतं, राहू द्यायला हवं होतं.

आमचं घर मखमलाबादच्या पुढं, मळ्यात. घर म्हणजे एक मोठी खोली, एक स्वयंपाकाची, आणि पुढं पत्र्याचा सोपा, जिथं शेवंतीच्या पाट्या ओल्या फडक्याखाली ठेवलेल्या असत. दादा, आई, मी आणि काकू. काका दुबईत ड्रायव्हर होते, त्यामुळे काकूचं अर्धं बोलणं फोनवर आणि उरलेलं आम्हाला ऐकवायला. दिवस उजाडायच्या आधी आईच्या सुयांची टकटक सुरू व्हायची. ती आणि काकू समोरासमोर बसून हार ओवायच्या, मध्ये फुलांचा ढीग, आणि बोलणं असं भरधाव की सुई कुणाच्या हातात आहे ते कळू नये. मग आई टोपल्या घेऊन फुलबाजारात जायची. तिचा आवाज बाजारातला होता. घरात ती "मीठ दे" म्हणाली तरी बांधावरच्या साळुंक्या उडत. ती परत यायची तेव्हा चुलीवर बाजरीच्या भाकरी, काळ्या मसाल्याची आमटी, आणि तव्यावरच रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातले सगळे ओरडून बोलायचे आणि बंद झाली तरी बराच वेळ तसंच बोलत राहायचे. या गोंगाटात मी जीवशास्त्र शिकत होते, धान्याच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या त्या फोनसमोर.

दर शनिवारी दादांच्या फोनवर क्लासचा मेसेज यायचा: आपल्या पाल्याची एकाग्रता. शंभरपैकी गुण. दादा जेवताना तो मोठ्यानं वाचत. मला चाळिसाच्या वर कधी पडले नाहीत. "चाळीस म्हंजे निम्मं पण नाय," दादा म्हणायचे, आणि घास तसाच हातात धरून माझ्याकडे असं बघायचे, की मला आमटी गिळवत नसे. काकू लगेच म्हणायची, "तिचं लक्ष कुठं असतंय ते मला इचारा." माझं लक्ष वहीत असायचं. मी लिहून घ्यायचे, आणि लिहायला मान खाली घालावी लागते, हा माणसाच्या शरीररचनेचा दोष क्लासला मान्य नव्हता. गुण कसे मोजतात ते कुणालाच माहीत नव्हतं. सरांना विचारलं तर ते म्हणाले, "सिस्टिम आहे." त्या काळात हे उत्तर पुरायचं. आजही पुरतं, फक्त म्हणणाऱ्याचा टाय गेला आहे.

मग दसरा आला. दसऱ्याच्या आधीचे दिवस आमच्याकडे परीक्षेपेक्षा मोठे. झेंडू तोडायला घरातलं प्रत्येक माणूस शेतात. पण ॲप ठरलेला वेळ चालू राहिलं नाही तर लगेच दादांना निरोप जायचा, म्हणून मी सकाळी व्हिडिओ लावून फोन डब्याला टेकवून द्यायचे आणि परडी घेऊन पळायचे. सर रिकाम्या खोलीला पेशींचं विभाजन शिकवत बसायचे. त्या शनिवारी मेसेज आला: एकाग्रता चौऱ्याण्णव. दादांनी संध्याकाळी पेढे आणले. काकूनेसुद्धा माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी पेढा खाल्ला. पण खाता खाता मनात एकच प्रश्न: मी घरात नव्हते, तर मग एवढं लक्ष देऊन शिकलं कोण?

हा प्रश्न मी सायमाला सांगितला. सायमा माझी क्लासमधली मैत्रीण, राहायची हायवेवरच्या द्वारका चौकाजवळ. तिथं रात्रंदिवस ट्रकचे हॉर्न, त्यामुळे तीही माझ्यासारखीच ओरडून बोलायची, आणि म्हणूनच आमचं जमलं असावं. ती सगळं ऐकून हसत सुटली. "तुझ्या घरात भूत आहे," ती म्हणाली, "और वो भी स्कॉलर!" मग एकदम गंभीर झाली. "रूपा, हा फोन आपल्याकडे बघतो. नक्की बघतो. कॅमेऱ्याचं बटण नाही, पण कॅमेरा आहे ना?"

कुलूप उघडायचं आम्ही तिथंच, क्लासच्या जिन्यात ठरवलं. आता हे लिहिताना मी स्वातंत्र्याच्या वगैरे गोष्टी सांगू शकते, पण खरं असं की सायमाला गाणी हवी होती आणि मला ते भूत.

रविवारी दुपारी ती तिच्या भावाचा लॅपटॉप ओढणीत गुंडाळून मळ्यात आली. आई-काकू वामकुक्षीला, दादा पाणी द्यायला गेलेले. आम्ही सोप्यात, शेवंतीच्या पाट्यांच्या मागं बसलो. आठवडाभर आम्ही क्लासच्याच वायफायवर, ऑफिसातल्या ताईंचा संगणक 'अभ्यासासाठी' मागून घेऊन, त्या जातीच्या फोनची माहिती वाचली होती. जगात कुठंकुठं बसलेली, एकमेकांशी भांडणारी माणसं ही विद्या फुकट लिहून ठेवत होती, आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी एक वाक्य असे की फोन मेला तर आम्ही जबाबदार नाही. सरांपेक्षा ही माणसं मला प्रामाणिक वाटली. फोन बंद करायचा, आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरायची, आणि तशीच धरून केबल लावायची, म्हणजे फोन पुरता जागा व्हायच्या आत, अर्धवट झोपेत असताना, लॅपटॉप त्याला हवं ते सांगू शकतो. झोपेतल्या माणसाकडून कबुली घेण्यातला हा प्रकार. पहिल्या वेळी काहीच झालं नाही. दुसऱ्या वेळी माझं बोट निसटलं. तिसऱ्या वेळी लॅपटॉपवर अक्षरांच्या ओळी धावायला लागल्या आणि सायमाने माझा दंड इतका घट्ट धरला की तिच्या नखांच्या खुणा उठल्या.

मग फोन काळा पडला. बटण दाबलं, काही नाही. चार्जरला लावला, काही नाही. मोटर बंद झाली होती, आणि त्या शांततेत मला दादांच्या चपलांचा आवाज बांधावरून येताना ऐकू यायला लागला. सायमा पुटपुटत काहीतरी म्हणत होती, मी तिला विचारलं कसला मंत्र, तर म्हणाली, "दुआ आहे, गप्प बस." दादा आत आले. आमच्या पुढ्यात लॅपटॉप, केबल, आणि मेलेला फोन. ते अदबीनं बाजूनं गेले. म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. प्रॅक्टिकल हाय वाटतं." त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत असतानाच फोन थरथरला.

पडद्यावर इंग्रजीत सूचना आली: हे यंत्र उघडलेलं आहे, त्याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. त्या फोनने बोललेलं ते पहिलं खरं वाक्य. आतलं सगळं पुसलं गेलं होतं. नेट लागल्यावर क्लासचं ॲप मुकाट्यानं परत येऊन बसलं, त्याने माझा नंबर मागितला, मी दिला. पण आता एक फरक होता. आधी घरमालक तो होता आणि मी भाडेकरू. आता किल्ल्या माझ्याकडे होत्या. सायमाने पहिलं गाणं लावलं. आवाज इतका मोठा की आई उठून बसली.

दोन-चार दिवसांनी, दुपारची जेवणं झाल्यावर, मी ॲपचा आतला कप्पा उघडला. आमच्या मळ्यात रेंज येते-जाते, त्यामुळे फोन पुसल्यानंतरच्या दिवसांचा क्लासकडे जायचा माल तिथं तुंबून राहिला होता. फोटो. शेकड्यांनी. व्हिडिओ चालू असताना फोन मधूनमधून गुपचूप फोटो घेत होता आणि फोटोच्या नावातच गुण लिहीत होता. मान खाली घातलेली माझी भांगाची रेघ: अकरा. जांभई देणारी मी: बावीस. उघड्या अंगानं बसून भाकरी मोडणारे दादा: सतरा. आणि मग एक फोटो, त्यात मी नाहीच. फोन तिरका झालेला, समोर भिंत, भिंतीवर खताच्या दुकानानं दिलेलं कॅलेंडर आणि त्यावरची लक्ष्मी. कमळात बसलेली, डोळे थेट समोर, पापणी न लववता. चौऱ्याण्णव. म्हणजे दसऱ्याच्या आठवड्यातही आमच्या घरात पेशींचं विभाजन हीच लक्ष्मी शिकत होती. मी मोठ्यानं हसले. एकटीच, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि हसता हसता बोट पुढं सरकलं.

पुढचा फोटो आईचा होता. न्हाऊन आलेली, पाठमोरी, अंगावर नुसता परकर आणि झंपर, ओले केस पंचाने झटकताना. त्याच्या पुढचा काकूचा. ती दुबईला बोलत होती आणि रडत होती. काकू रडते हे मला तोवर माहीत नव्हतं. आम्हाला ती कधी दिसली नव्हती तशी. फोनला दिसली होती. खाली गुण: शून्य.

मी आईला बोलावलं. तिने हात पुसत फोन घेतला, लांब धरला, मग जवळ धरला. मला वाटलं आता साळुंक्या उडणार. पण ती हळूच बोलली, इतकी हळू की मला पुढं वाकावं लागलं. "हे कोण बघतं?"

"क्लासमधे जातं ते सगळं."

"क्लासमधे कोण?"

 आईने काकूला हाक मारली, फोटो दाखवला. काकूने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिने दुबईला फोन केला नाही.

संध्याकाळी दादांना सांगायच्या आतच दादांचा फोन वाजला. सर होते. मी फोनशी छेडछाड केल्याचं त्यांच्या सिस्टिमला कळलं होतं. दादा उभ्याउभ्याच "हो सर, हो सर" करत होते, कपाळाला घाम. फोन ठेवून माझ्याकडे वळले, "काय करून ठेवलंस तू? सर म्हणतात ह्याकर हाय तुमची मुलगी. पालक सभेत येऊन माफी मागा म्हणतात."  आईने फोन त्यांच्या हातात दिला आणि तो फोटो उघडून ठेवला. दादांनी बघितलं आणि पटकन फोन उलटा करून मांडीवर ठेवला, जणू तो फोटो त्यांनीही बघायचा नव्हता.  मग म्हणाले, "सरांना ठावं नसंल." दादांचा तो शेवटचा आदर. मला त्याची चीड आली होती तेव्हा. आता कीव येते, आणि ती जास्त वाईट.

पालक सभेला हॉल भरलेला. पडद्यावर रंगीत आलेख. सरांनी माझं नाव न घेता माझ्यावर वीस मिनिटं घेतली. शिस्त, विश्वास, सडका आंबा, सगळं झालं. मग विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?" आई उठली. माइक तिच्याकडे आला, तिने तो बाजूला केला. तिला कशाला लागतो माइक.

"सर, तुमचा फोन माझा फोटो काढतो. मी न्हाऊन आल्याचा. तुम्ही बघितला का?"

 सर हसले. मग म्हणाले, "ताई, तो फोटो नसतो. तो डेटा असतो."

"माझ्या झंपरचा डेटा?"

मागं कुणीतरी खिदळलं. सरांनी सांगितलं की प्रवेशाच्या वेळी पालकांनी सही केलेली आहे, माणूस कुणी बघत नाही, यंत्र बघतं, आणि जगात सगळीकडे असंच आहे. दादा उठले. माणसांत बोलायची सवय नाही. "आमच्या बायामाणसांचे फोटू काढा म्हणून आम्ही पोरगी धाडली नव्हती," ते म्हणाले. "माफी मागायला बोलवलं व्हतं ना? मागा मंग." आणि खाली न बसता तसेच उभे राहिले.

मला वाटलं, आता होणार काहीतरी. शेजारचे उठतील, खुर्च्या सरकतील. उठल्या त्या पहिल्या रांगेतल्या एक बाई. ओवीची आई. ओवी आमच्या बॅचमध्ये पहिली यायची आणि तिला कुणी कधी जांभई देताना बघितलं नव्हतं. छान इस्त्रीची साडी, हातात गाडीची किल्ली. म्हणाल्या, "सर, प्रश्न असा आहे, की हे फोटो तुमच्याकडे असतातच, तर मग ते आम्हा पालकांना का दिसत नाहीत?"

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. एक गृहस्थ म्हणाले, आवाजही ऐकू आला तर बरं. सरांनी सूचनेचं स्वागत केलं. महिन्याभरात क्लासने ती सोय सुरू केली, नाव ठेवलं 'मायेची नजर'.

सरांनी माफी मागितली नाही. शिस्तभंगाबद्दल मला काढून टाकलं. जिना उतरताना दादा कठड्याला धरून चालत होते. खाली आल्यावर आईने तिघांना सँडविच घेतलं, मिरची जास्त घालायला लावली, आणि आम्ही गंगापूर रोडच्या कडेला उभं राहून ते खाल्लं. सायमाच्या घरच्यांनी तिला क्लासमध्येच ठेवलं. आईने तिला टिकल्यांचं एक पाकीट दिलं. सायमा टिकली लावत नसे. ती फोनच्या कॅमेऱ्याच्या भोकावर लावायची. पुढं म्हणे क्लासमध्ये टिकल्यांना बंदी आली.

मी डॉक्टर झाले नाही. उघडलेला फोन क्लासला परत नको होता; घरी बसून त्याच फोनवर अभ्यास केला, बारावी झाले, पुढं संगणकाकडे वळले. ते दुसऱ्या प्रकरणात येईलच तेवढं. इथं सांगायचं ते असं की दिवाळीनंतर क्लासमधल्या मुली मळ्यात यायला लागल्या. घरी सांगून यायच्या की शेवंती घ्यायला जातो. सोप्यात बाजेवर बसायच्या आणि फोन पुढं करायच्या. कुणाला फोटो थांबवायचे होते, कुणाला नुसतं बघायचं होतं की आपलं घर कसं दिसतं. आई चहा ठेवायची. काकू दारात उभी राहून, न विचारता, प्रत्येकीला सांगायची, "आधी आतलं बघून घे बाई. मंग बोल."

आणि एका रविवारी बांधाशी स्कूटर थांबली. ओवीची आई. ओवी बरोबर नव्हती. त्यांनी एक मोठा हार मागितला, देवळात घालतात तेवढा. कुठल्या देवाला ते आईने विचारल्यावर त्यांना सांगता येईना. मग बाजेवर टेकल्या. त्या सभेपासून मी मनात त्यांच्यासाठी एक वाक्य तासून तयार ठेवलं होतं, चांगलं धारदार. ते ओठांवर आलं. त्यांनी पर्समधून फोन काढला. ओवीचा नव्हता. त्यांचा स्वतःचा, महागाचा.

"हा बघशील जरा?" त्या म्हणाल्या. "मी कुठे जाते, कुणाशी बोलते, ते मी सांगायच्या आत ह्यांना माहीत असतं."

मी माझं वाक्य गिळलं. फोन घेतला. फार शोधावं लागलं नाही; साध्या नावाखाली एक ॲप लपलेलं होतं आणि दिवसभराचं सगळं एका नंबरला पाठवत होतं. या फोनला तर कुलूपही नव्हतं. तो नंबर त्यांना दाखवला. त्यांनी मान हलवली. नंबर ओळखीचाच होता.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"काढलं तर त्यांना कळेल?"

"कळेल."

आईने चहा आणून ठेवला होता. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग फोन पर्समध्ये ठेवला, हार घेतला, आणि "आज नको" म्हणून उठल्या. त्यांची स्कूटर बांधावरून वळेपर्यंत आई बघत राहिली. 

पुढच्या रविवारी त्या परत आल्या. या वेळी त्यांनी फुलं मागितली नाहीत.